स्वस्त घर आणि शेजाऱ्याचा हक्क

नरडाण्याहून धुळ्याला बिऱ्हाड हलविण्याचा विचार कराल, तेव्हा जुन्या शहरातले एखादे घर कदाचित बाजारभावाहून स्वस्त मिळेल. ऑक्टोबर २००८ आणि ६ जानेवारी २०१३ च्या दंगलींत होरपळलेले हे शहर आता सावरत आहे. तरीही कागदपत्रे पाहण्याआधी विकणाऱ्याला विचारा : आपण घर का विकता?

सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीत व्यापाराला परस्पर राजीखुशीची अट आहे. भीतीपोटी दिलेला होकार म्हणजे राजीखुशी नव्हे. विकणारा हिंदू असो वा मुसलमान, त्याच्या भयातून मिळणारी सवलत आपला नफा मानू नका. रास्त भाव द्या. अथवा धीर देऊन त्याला तेथेच राहू द्या.

याच सूरहच्या ३६ व्या आयतीत आप्त शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही सद्वर्तनाची आज्ञा आहे. हनफी फिक्हनुसार लगतच्या शेजाऱ्याला ‘शुफ्आ’चा, म्हणजे अग्रखरेदीचा हक्क आहे, म्हणून त्यालाही आधी विचारा. राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या दारांशी जाऊन विचारपूस करा.

अल्लाह आपल्या घरांत बरकत आणि शेजारात सलोखा देवो. आमीन.