मारुतसखाच्या नावाचा फोटो

गांधीबाग, नागपूर

चि. सोनू,


तू पाठवलेला फोटो भिंगाखाली धरून पाहिला. खाली लिहिलंय, ‘शिवकर बापूजी तळपदे यांचं मारुतसखा, गिरगाव चौपाटी, १८९५’. बाळा, हे विमान तळपद्यांचं नाही. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवरून उडालेलं राइट बंधूंचं आहे. मूळ फोटोत उजवीकडे विल्बर उभा आहे; तुझ्याकडे आलेल्या फोटोत त्याला कापून टाकलंय.

जुनं विमान ओळखायचं तर खालचा मजकूर आधी हाताने झाकायचा. मग पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते ठरवायचं. इथे विमान वर-खाली वळवणारी पाती पंखांच्या पुढे आहेत आणि हवा कापणारे दोन पंखे मागे. चालक खालच्या पंखावर पालथा झोपलाय. चाकं नाहीत. ते पंखे नसते, तर मी राइटांचंच आधीचं ग्लायडर म्हटलं असतं.

कापड बाजारात जन्म गेला, त्यामुळे माझी नजर पंखांच्या कापडावरही जाते. राइटांनी ‘प्राइड ऑफ द वेस्ट’ नावाची सुती मलमल घेतली आणि ती उरेब कापून बसवली. धागे तिरपे गेले की कापडच सांगाड्याला ताण देतं. सायकली दुरुस्त करणाऱ्या दोघांना हे सुचलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

सालही तपासावं. १८९५ मध्ये जर्मनीत लिलिएंटाल इंजिनाविना तरंगत होते. इंग्लंडात हायरम मॅक्सिमचं वाफेचं अजस्र यंत्र आदल्याच वर्षी रुळांवरून जेमतेम उचललं गेलं होतं. हवेत टिकेल इतकं हलकं आणि जोरकस इंजिन, तिथेच सगळे अडले होते.

तळपद्यांचं विनाचालक यंत्र पंधराशे फूट चढून कोसळलं, असं सांगतात. त्याला त्या काळचा भरवशाचा पुरावा नाही, फोटोही नाही. म्हणून कुणी ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली विमानांची चित्रं त्यांच्या नावावर खपवतात. ती १९२३ सालची, बंगळूरची. तळपदे त्याआधीच वारले होते. १९७४ साली तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी ती विमानं तपासून उडण्याजोगी नाहीत असा निर्वाळा दिला. पारतंत्र्यातल्या मुंबईत उडण्याचा ध्यास घेणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. दुसऱ्याचं यंत्र त्यांच्या गळ्यात बांधलं की मला राग येतो.

तुझा दुसरा फोटो ब्लेरिओ ११ या विमानाचा दिसतो: एकच पंखजोडी, पंखा पुढे, शेपटीकडचा सांगाडा उघडा. पण त्याच्या नकला पुष्कळ झाल्या. नाकाजवळचा भाग मोठा करून पाठव. पंख्यासारखे पसरलेले तीन सिलिंडर असतील तर ते अंझानी इंजिन, १९०९ साली इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या विमानावर होतं तसलं. गोल चक्रासारखं असेल तर बहुधा नोम, म्हणजे विमान जरा नंतरचं.

तुझे आजोबा