धुराची वाट

सावकाश बसा. हवं तर डोळे मिटा. श्वास बदलू नका, फक्त त्याच्याकडे लक्ष असू द्या.

आता इंग्लंडमधला एखादा कालवा मनात आणा. जानेवारीतली संध्याकाळ. काठाला नॅरोबोट बांधलेली आहे, जेमतेम 7 फूट रुंद आणि लांबच लांब. आत लोखंडी शेगडीत कोळसा फुललेला, आणि छतातून वर निघालेलं आखूड धुराडं. कालव्यावरचे जुने विटांचे पूल ठेंगणे; त्यांच्याखालून जाण्याआधी छतावरचा नळीचा तुकडा बहुधा काढूनच ठेवतात.

या आखूडपणापाशी थोडं थांबू या. तापलेला धूर हलका, बाहेरची हवा थंड आणि जड. या फरकामुळे धूर वर ओढला जातो. नळी जितकी उंच, तितकी ओढ जास्त. धूर 200 अंशांवर आणि बाहेर 5 अंश असेल, तर उंचीच्या दर मीटरला या ओढीचा दाब साधारण 5 पास्कल. नावेत शेगडीपासून नळीच्या तोंडापर्यंत दोन-अडीच मीटर धरा. हाती येतात 10 ते 12 पास्कल. ताशी 18 किलोमीटरचा वारा थेट तोंडावर आदळला, तर त्याचा दाब 15 पास्कलच्या वर जातो. आतल्या माणसांची ऊब एवढ्याशा बळावर उभी आहे.

आता त्या वाऱ्याकडे पाहा. मोकळ्यावर तो नळीच्या तोंडावरून आडवा जातो आणि धूर ओढून नेतो. तिथे तो सोबती असतो. पण नाव उंच झाडांच्या किंवा भिंतीच्या आडोशाला असेल, तर अडथळा ओलांडलेला वारा खाली कोसळतो. 1785 साली बेंजामिन फ्रँकलिन फ्रान्सहून अमेरिकेला परतत होते. जहाजावरच त्यांनी यान इंगेनहाउझ या वैद्याला धुरकट धुराड्यांवर दीर्घ पत्र लिहिलं. बंधाऱ्यावरून पाणी पडावं तसा हा वारा पडतो, असं त्यांनी त्यात मांडलं आहे. 79 वर्षांचा तो माणूस भर समुद्रात लोकांच्या घरातल्या धुराचा विचार करत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

असा वारा असेल तर मनातली नाव सोडा आणि आडोशापासून थोडी दूर बांधा. पूल ओलांडायचा नसेल तेव्हा नळीला आणखी एक तुकडा चढवा. तोंडावर वारा अडवणारी टोपी बसवा. शेगडी थंड असेल, तर आधी कागदाची भडक ज्योत लावून नळीतली गार हवा हलू द्या.

एवढं करूनही धूर आत येतो. आता नावेच्या आत या.

थंडीमुळे कुणीतरी हवेच्या जाळ्या चिंध्यांनी बुजवल्या आहेत. फ्रँकलिननी धुराच्या कारणांत पहिलं हेच सांगितलं: खोली इतकी घट्ट बंद, की बाहेर गेलेल्या हवेच्या जागी नवी येत नाही. त्यांची कसोटी मनात करून पाहा. दार उघडा. धूर थांबला? आता ते अगदी हळू लोटत आणा. धूर पुन्हा डोकावला की थांबा, दार किंचित मागे घ्या. ती फट नीट पाहा. शेगडीला तेवढी हवा लागतेच. गारठा आत येईल, येऊ द्या. मात्र ही वाट वाऱ्याच्या बाजूने ठेवा. नुसती आडोशाकडची खिडकी उघडली तर वारा आतली हवा बाहेर ओढतो, आणि धूर खोलीत उतरतो. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखाही तेच करतो.

जाळीतली चिंधी काढा. एक दीर्घ श्वास घ्या.

आता रात्र. निखारे मंदावले, नळी निवू लागली, ओढ कमी झाली. धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड अजून तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला तो उठवत नाही. म्हणून छताजवळ अलार्म हवाच. राहण्याची बंदिस्त जागा असलेल्या नावांना ब्रिटनच्या बोट सेफ्टी स्कीमने 1 एप्रिल 2019 पासून तो सक्तीचा केला आहे. त्याचं बटण दाबून आवाज ऐका. जाळ्या रात्रीही उघड्या ठेवा. आणि तो खरोखर वाजला, तर शेगडीशी खटपट करू नका. आधी सगळ्यांना उठवून काठावर आणा.