उंबरठा कोणी ओलांडायचा?

जून महिन्यात बालवाडीत नव्याने जाऊ लागलेल्या मुलाविषयी घरोघरी एकच चौकशी होते: रुळलं का? शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वाट रुळते ती माणसांच्या पावलांनी. येणारे-जाणारे तिच्यावरून जात राहतात, गवत मरतं, माती दबते आणि डोंगरात वाट दिसू लागते. म्हणजे रुळण्याची क्रिया मुळात वाटेच्या अंगावर घडते, चालणाऱ्याच्या नव्हे. शाळेच्या बाबतीत आपण ती उलटी करून टाकली. शाळा आहे तशी राहणार, आणि रुळायचं ते तीन वर्षांच्या मुलाने. (गुरुजींच्या हातातल्या लाकडी दांडक्यालाही रूळच म्हणत, हा भाषेचा योगायोग असेल; पण बोलका आहे.) या उलटापालटीमागे एक गृहीतक दडलेलं आहे: मूल अजून अपुरं आहे, शाळेच्या लायक व्हायचं आहे, आणि बालपणाचं काम म्हणजे ही लायकी कमावणं. हा प्रश्न वरवर शिक्षणशास्त्राचा दिसतो. खरं तर तो माणसाची किंमत कशावरून ठरते याचा आहे, म्हणून धर्माचा आणि नीतीचा आहे. पात्रता आधी आणि प्रवेश नंतर, हा क्रम लहान मुलाला लावणं अन्यायाचं आहे, असं मला वाटतं. स्वागत आधी झालं पाहिजे. तयारी त्या स्वागतातूनच होते.

या प्रश्नाची एक जुनी साक्ष महाडजवळच्या दासगावात सापडते. सावित्रीच्या काठावरच्या या जुन्या बंदराच्या गावचे रामचंद्र बाबाजी मोरे, पुढे कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून ओळखले गेले, वयाच्या अकराव्या वर्षी शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि महाडच्या इंग्रजी शाळेच्या दाराशी गेले. ‘शालेय पूर्वतयारी’ हा शब्द तेव्हा नव्हता, पण त्या मुलाच्या तयारीत काहीही कमी नव्हतं. सरकारी परीक्षेने ते सिद्ध केलं होतं. दार तरीही उघडलं नाही, कारण मुलगा महार होता. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, बोभाटा झाला आणि प्रवेश मिळाला. बसायची जागा मात्र वर्गाबाहेर. पात्रता सिद्ध झाली की दार आपोआप उघडतं ही समजूत खोडायला ही एक घटना पुरेशी आहे. दार उघडायचं की नाही हे दाराच्या आतले ठरवतात, आणि त्यांचा निर्णय बाहेरच्या मुलाविषयी जितकं सांगतो त्याहून जास्त आतल्यांविषयी सांगतो. हेच मोरे पुढे मार्च १९२७ मधल्या महाडच्या परिषदेच्या उभारणीत पुढे होते. २० मार्चला तिथूनच माणसं चवदार तळ्याकडे निघाली. कोणी म्हणेल, अकरा वर्षांच्या मुलाची जातीवरून झालेली अडवणूक आणि बालवाडीच्या दाराशी रडणारं मूल यांचा काय संबंध? दोन्ही अन्याय सारखे नाहीत, एका मापाचे तर मुळीच नाहीत. तरी दोन्हीकडे प्रश्नाची घडण एकच आहे: संस्था स्वतःला सिद्ध मानते आणि येणाऱ्याकडून पुरावा मागते.

धर्मपरंपरेने या उंबरठ्याचा विचार केला नव्हता असं नाही. उपनयन या शब्दाचाच अर्थ जवळ नेणं. मुंजीच्या दिवशी मातृभोजन होतं. आई मुलाला शेवटचं आपल्या ताटात जेवू घालते आणि मग तो गुरूकडे जायला मोकळा होतो. या विधीत एक शहाणपण आहे. आईपासून सुटणं ही साधी सोय-गैरसोयीची बाब नाही, ती दोघांच्या आयुष्यातली घटना आहे, तिला वेळ द्यावा, साक्षीला माणसं बोलवावीत, पोटभर जेवू घालावं, हे त्या विधीला कळलं होतं. आजच्या शाळेच्या फाटकावर मूल हातातून ओढून घेतलं जातं आणि ‘तुम्ही निघा, पाच मिनिटांत गप्प होईल’ असं आईला सांगितलं जातं, तेव्हा आपण मातृभोजनाहून मागे गेलेलो असतो. पण त्याच परंपरेने हे जवळ नेणं कोणासाठी हेही ठरवून टाकलं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात उपनयनाची वयं वर्णानुसार दिली आहेत, ब्राह्मणाला आठवं, क्षत्रियाला अकरावं, वैश्याला बारावं. शूद्राचा त्यात समावेश नाही, आणि स्त्रीचा विवाह हेच तिचं उपनयन मानलं आहे. जवळ नेण्याचा एवढा सुंदर विचार, आणि त्याला एवढं मोठं कुंपण! डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर मुंबईहून बोटीने येऊन दासगावच्याच बंदरात उतरले आणि तिथून महाडला गेले. २५ तारखेच्या रात्री महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. जळालं ते कुंपण, असं मी मानतो. जवळ नेण्याचं कर्तव्य जळालेलं नाही. उलट तेव्हापासून ते सगळ्यांच्या वाट्याला आलं.

आता ‘पाच मिनिटांत गप्प होईल’ हे वाक्य तपासून पाहू, कारण रुळण्याचा आपला सगळा हिशेब त्यावर उभा आहे. मूल रडायचं थांबलं म्हणजे रुळलं, हा निष्कर्ष विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधली रुग्णालयंही काढत असत. आईबापांना भेटू दिलं की मुलं पुन्हा रडतात, म्हणून भेटी बंद. मग मुलं शांत होतात आणि परिचारिका समाधानी. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात ठेवलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला आणि ही शांतता काय असते ते दाखवलं. आधी आकांत, मग निराशा, मग अलिप्तता: तिसऱ्या टप्प्यातलं मूल गप्प असतं, खेळतंही, पण त्याने आशा सोडलेली असते. आई-मुलाच्या बंधाविषयीच्या जॉन बोल्बी यांच्या विचाराला या निरीक्षणांनी बळ दिलं आणि इंग्लंडमध्ये भेटींचे नियम हळूहळू बदलले. बालवाडीचे दोन-तीन तास म्हणजे रुग्णालयातला मुक्काम नव्हे, हे खरं. तरी गप्प होणं आणि रुळणं यांतला फरक तिथेही लागू आहे. बर्लिनमध्ये रूढ झालेली मुलांना रुळवण्याची पद्धत नेमकी या फरकावर बेतलेली आहे. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर तिथेच बसतात. ताटातुटीचा पहिला प्रयत्न चौथ्या दिवशी, तोही थोड्या वेळाचा. पुढे किती दिवस लागतील हे मूल ठरवतं. कसोटी मूल रडतं की नाही ही नसतेच. रडलं तर तिथली ताई त्याची समजूत घालू शकते का, ही कसोटी. परीक्षा मुलाची नाही, ताईची आणि जागेची आहे. आपल्या संतांच्या बोलण्यात कासवीचा दृष्टान्त पुन्हा पुन्हा येतो: ती दूर राहून नुसत्या दृष्टीने पिलांना पोसते. प्राणिशास्त्राला तो मान्य होणार नाही, पण मूल दूर गेल्यावर त्याला काय लागतं हे त्यात अचूक आलंय. नजर आहे असा भरवसा असेल तर अंतर सोसतं. तो भरवसा आधी कोणीतरी द्यावा लागतो.

पात्रता आधी आणि प्रवेश नंतर, हा क्रम उलटवून दाखवणारं काम महाराष्ट्रातच झालं आहे. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढलं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी तो विचार भारतीय घरांत आणला, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ताराबाईंचा खरा मोठेपणा मात्र मला त्यानंतरचा वाटतो. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. या जागी दुसऱ्या कोणीही अहवालात लिहिलं असतं की पालकांत जागृती नाही. ताराबाईंनी बालवाडी उचलली आणि मुलांच्या अंगणात नेऊन मांडली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, पानं, बिया आल्या. तयारीत कमी पडली ती शाळा, आणि ती भरून काढायची शाळेनेच, असं हे निदान होतं. १९७५ मध्ये २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. शब्द गेला, पण अंगण किती ठिकाणी बरोबर गेलं? बऱ्याच ठिकाणी उरली ती एक खोली, एक वजनकाटा आणि रजिस्टरांची चळत.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो सुखवस्तू पालकांचा नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या अक्षर शिरू दिलं नाही, त्यांना ‘मुलाला खेळू द्या, घाई नको’ असं सांगणं म्हणजे पोट भरलेल्याने उपाशी माणसाला संयम शिकवण्यासारखं आहे. अक्षर हे हत्यार आहे. मोरे यांना दार उघडून मिळालं ते त्यांना पत्र लिहिता आलं म्हणूनच ना? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, एका दुरुस्तीसह: अक्षर हवंच, पण ते दाराशी दाखवायचं तिकीट असू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलांची आणि पालकांची चाळणी लावायला बंदी केली ती याच तत्त्वावर. शिवाय लवकर शिकवलेलं अक्षर टिकतं का हेही पाहायला हवं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात सरकारी बालवर्गांचा मोठा अभ्यास झाला. सुरुवातीला ती मुलं पुढे दिसली, पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहावीपर्यंत ती बालवर्गात न गेलेल्यांच्या मागे पडली होती. उलट १९६० च्या दशकात मिशिगनमधल्या पेरी बालशाळेतल्या मुलांची बुद्ध्यंकातली आघाडी काही वर्षांतच विरली, आणि तरीही चाळिशीत ती माणसं नोकरी-कमाईत सरस आणि तुरुंगापासून लांब राहिलेली आढळली. तो प्रयोग लहान होता, सव्वाशेच मुलांचा. त्यावरून कायदे बनवू नयेत. दोन्ही मिळून एवढं मात्र सुचवतात की मोजता येणारी तयारी ही खरी तयारी असेलच असं नाही. मुलाला मागितलं तर मिळेल, चुकलं तर हाकलणार नाहीत, विचारलं तर उत्तर येईल, हा अनुभव अक्षराच्या आधी पोचला तर अक्षर तग धरतं. ज्या घराला अक्षराची सर्वांत जास्त गरज आहे, त्या घराच्या मुलाला या अनुभवाचीही सर्वांत जास्त गरज आहे, कारण बाहेरच्या जगात तो त्याला फुकट मिळणार नाही.

दुसरा आक्षेप कणखरपणाचा. जग कठोर आहे, रडू दे, सवय होईल. हे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो दासगावसारख्या गावाला आहे. जुलै २००५ मध्ये इथे आणि जवळच्या जुई, रोहन, कोंडिवते या गावांत डोंगर घरांवर आला. २०२१ च्या जुलैत याच तालुक्यात तळिये गेलं. इथल्या शाळा ज्या पावसात सुरू होतात, तोच पाऊस महिन्याभरात दरड आणि पूर घेऊन येऊ शकतो. पण अशा संकटात माणसाला तारतो तो लहानपणी एकटं सोडलं गेल्याचा सराव नव्हे. हाक मारली तर कोणीतरी येईल ही खात्री असलेला माणूस हाक मारतो, आणि दुसऱ्याच्या हाकेला धावतोही. कठोरतेची सवय म्हणून आपण जे देतो, ते पुष्कळदा हाक न मारण्याचं शिक्षण असतं.

उरतो खर्चाचा प्रश्न, आणि इथे तत्त्वज्ञान अडखळतं. आईने तीन दिवस बालवाडीत बसायचं म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली. सेविकेकडे पोषण आहार, लसीकरण आणि सर्वेक्षण यांचा भार आहे. ती प्रत्येक मुलाची समजूत कधी काढणार? आजी बसू शकते, आणि चाकरमान्यांच्या या मुलखात बरीच मुलं आजीजवळच असतात. पण सगळ्यांना आजी नसते. संविधानही इथे सैल आहे: सहा ते चौदा वयासाठी २१-क कलमात हक्क, आणि सहा वर्षांखालच्यांसाठी ४५ व्या कलमात फक्त राज्याने प्रयत्न करावा असं मार्गदर्शक तत्त्व. हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो, ताटातूट तिसऱ्या वर्षी. सगळ्यात अवघड ठिकाण रायगडातल्या कातकरी कुटुंबांचं. दिवाळीनंतर ती वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जूनमध्ये दाराशी रडलेलं मूल गणपतीपर्यंत ताईच्या पदराला धरून बसू लागतं, नवरात्रात दुसऱ्या मुलांत खेळतं, आणि दिवाळी सरताच बिऱ्हाड उचललं जातं. ‘गैरहजर’ हा शेरा रजिस्टरात त्या मुलाच्या नावापुढे पडतो. ताराबाईंच्या हिशेबाने तो भट्टीवर न पोचलेल्या अंगणवाडीच्या नावापुढे पडायला हवा.