मागून घेतलेलं पदक

आमच्या बेळगावात निवृत्त जवानांना तोटा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच इथं. आमच्या गल्लीतले हवालदारमामा मात्र तोफखान्यातले. १९७१ साली ते पूर्व आघाडीवर होते. संग्राम पदक मिळालं, पण पूर्वी स्टार काही हाती आला नाही. परवा त्यासाठी माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला आले.

प्रथम मला ते रुचलं नाही. मान कधी मागायचा असतो का? मग वाटलं, मी दोन गोष्टींची गल्लत करतोय. वीरचक्र शौर्याचं, ते दुसऱ्यानं पाहून द्यायचं. पूर्वी स्टार म्हणजे नुसती साक्ष, की हा माणूस तिथं होता. ती मागण्यात लाज कसली? शेताच्या उताऱ्यावरून नाव गळलं तर आपण गप्प बसतो का?

अर्ज झाला. मामा हळूच म्हणाले, "मास्तर, पश्चिमी स्टारबी लिवा की. फितींची ओळ भरल्यागत दिसंल."

"तिकडं होता काय तुम्ही?"

"न्हवतो. खरं आता कोण बघतंय?"

मी पेन खाली ठेवलं. ती एक फीत लागली असती, तर शेजारच्या खऱ्या फितीवर तरी कुणी का विश्वास ठेवावा? हे मी बोललो नाही. वयानं मोठा माणूस. चहा आला, निवला.

"ऱ्हाऊ दे ते," मामा म्हणाले. "आमच्या तोफेवरचा एकजण परत आलाच न्हाई. त्याच्या घरी स्टार पोचला काय, तेवढं इचारा."

त्याला वेगळा अर्ज लागेल, मी म्हणालो.