आतल्या खोलीतली आजी

दिवा मालवू नका, नुसता मंद करा. पाठ टेकून बसा, डोळे मिटा. श्वास त्याच्या चालीनं येऊ द्या, जाऊ द्या.

आता एक वाडा मनात आणा. पुण्याच्या सदाशिव पेठेतला किंवा शनिवारातला, तुमच्या ओळखीचा असेल तर फारच छान. दिंडी दरवाजा, चौकातला हौद, लाकडी जिना. वर जायची घाई नको. पहिल्याच पायरीवर बसा. संध्याकाळ झाली आहे, मोठी माणसं बाहेर गेली आहेत आणि आतल्या खोलीत आजी निजली आहे. तिचा श्वास ऐकू येतो का?

ऐकत राहा.

भयकथाकार नारायण धारपांनी (१९२५–२००८) हा श्वास मराठी वाचकाच्या कानाशी आणला. घरात एकटा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली आजी ही कल्पना स्टीफन किंगच्या कथेतली. धारपांच्या हाती ती ‘आजी’ ही कथा झाली. पुढे २०१८ साली ‘तुंबाड’ या चित्रपटातही ती आजी दिसली. धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरीही किंगच्याच कादंबरीवरून आलेली. उसनं म्हणून काही जण हे लेखन बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. ‘आजी’ हा शब्द हळूच उच्चारून बघा. मऊ लुगडं, मेतकूट-भात, मांडीवरची झोप. त्याच मांडीची भीती वाटावी, ही भीती उसनी कशी असेल? ती आपल्याच माजघरात होती.

या भीतीला पुण्यात हक्काची जागाही होती. संपादक अनंत अंतरकरांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ या मासिकांबरोबर ‘नवल’ काढलं आणि गूढ, भय, साहस यांना सन्मानानं पाट मांडला. संपादकाचं हे काम लेखकाच्या कामाइतकंच मोलाचं आहे.

पुन्हा जिन्याकडे या. श्वास अजून ऐकू येतोय? आता धारपांच्या कथांमधल्या, अशुभ शक्तींशी झुंजणाऱ्या ‘समर्थां’ना आठवा. मला धारप सर्वांत मोठे वाटतात ते इथं. घाबरलेलं माणूस समर्थांकडे येतं. घरच्यांनी त्याला वेड्यात काढलेलं असतं. समर्थ त्याचं सगळं ऐकून घेतात आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवतात. मंत्र, सामर्थ्य, झुंज हे सगळं त्यानंतरचं.

लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची? माळ्याची, मोरीतल्या अंधाराची, खुंटीवरच्या कोटाची? ती आठवण जवळ येऊ द्या, ढकलू नका. तेव्हा कुणी हसलं होतं का? आणि कुणी, एकदा तरी, खरं मानून ऐकलं होतं का? तो चेहरा आठवला तर त्याच्यापाशी थोडं थांबा.

मग सावकाश डोळे उघडा. आज रात्री घरातलं लहान मूल म्हणालं, की पलंगाखाली कुणीतरी आहे, तर त्याला हसू नका. दिवा लावा, त्याच्या शेजारी गुडघे टेका आणि त्याच्याबरोबर वाकून बघा.