खिशातला अपरिग्रह

मल्टिटूल बाळगणं अपरिग्रहात बसतं का? बौद्ध भिक्खूंच्या आठ परिष्कारांत, म्हणजे जवळ बाळगायच्या वस्तूंत, तीन चीवरं, भिक्षापात्र आणि कमरपट्ट्याबरोबर वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचं गाळणंही आहे. त्यागाच्या परंपरेनेही अवजार नाकारलेलं नाही. उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र हा जैन ग्रंथ तर आसक्तीलाच परिग्रह मानतो. कुणी म्हणेल, मग १८ अवजारांचं लेदरमन वेव्हही निर्दोषच. मला हे पटत नाही. त्याचं वजन सुमारे २४० ग्रॅम; रोजच्या वापरात त्यातलं बरंचसं उघडलंही जात नाही. 'कधीतरी लागेल' ही भीतीच आपण वाहत असतो, आणि भीती हीसुद्धा आसक्तीच. शहरात कात्री, कानस आणि छोटं पातं असलेला ५८ मिलिमीटरचा व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक पुरतो. सह्याद्रीत मुक्कामाला जाताना मात्र स्टोव्हवरचं तापलेलं पातेलं उचलायला पक्कड हवीच. तेव्हा मोठं मल्टिटूल न्यावं, पण सगळ्या गटात मिळून एकच.