धार ते देवास, व्हाया इंदूर

बसा. खिडकीजवळची जागा मिळाली तर उत्तम, नाही तर मागचा बाकही चालेल. गाडी धारहून इंदूरला निघाली आहे. डोळे मिटू नका, श्वास मोजू नका. मोजायचेच असतील तर थांबे पुष्कळ आहेत.

धार मागे पडतंय. इथल्याच किल्ल्यात १७७५ साली दुसरा बाजीराव जन्मला. गाव पवारांचं. जायचंय त्या देवासलाही पवारच: थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राज्यं, भर वस्तीतून हद्द. हे जरा मनात घोळवा. समोरच्या घरी विरजण मागायला जाणंही तेव्हा परराज्यात जाणं असेल! १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या.

घाटाबिल्लोद. गाडी उभी आहे, उभीच आहे. राज्य परिवहन महामंडळ गुंडाळायचं २००५ मध्ये ठरलं. तेव्हापासून खासगी गाड्या, आणि सवाऱ्या भरेपर्यंत हलायचं नाव नाही. चिडचिड होतेय? होऊ द्या. मनन म्हणजे सगळं गोड मानून घेणं नव्हे. बसने जाणाऱ्याच्या वेळेला मोल नाही, असं कुणीतरी धरून चाललंय. त्याचा राग रास्तच आहे.

बेटमा गेलं. इंदूरचा गंगवाल स्टँड आला. उतरा. देवासची गाडी शहराच्या दुसऱ्या अंगाला, रेल्वे स्टेशनाजवळ लागते. पवारांच्या एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना होळकरांचं गाव ओलांडावं लागतं. रिक्षावाल्याला एवढंच सांगा: सरवटे.

आता या नावापाशी थोडं रेंगाळा. विनायक सीताराम सरवटे, इंदूरकरांचे तात्या. घटना समितीत मध्य भारताचे सदस्य, १९६६ चे पद्मभूषण. बालशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या शालिनीताई मोघे या त्यांच्या कन्या. स्टँडवर दिवसभर तात्यांचं नाव पुकारलं जातं. ते पुकारताना माणूस किती जणांना आठवत असेल? वाईट वाटतंय का, स्वतःलाच विचारा. मला नाही वाटत. पुतळ्याकडे मान वर करून कोण बघतो? हे नाव निदान रोज कुणाच्या तरी उपयोगी पडतं.

देवासची गाडी सुटली. मांगलिया, मग क्षिप्रा नदी. पुढे देवासची टेकडी दिसेल, तिच्यावर तुळजाभवानी आणि चामुंडा. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ साली हवापालटासाठी या गावी आले आणि काही वर्षं गाणं बंद ठेवून पडून राहिले. किती दिवस थांबायचं, हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. कानावर माळव्याची लोकगीतं पडत राहिली, ती पुढे त्यांच्या गाण्यात उतरली. घाटाबिल्लोदच्या खोळंब्याला मात्र असलं काही मोठेपण चिकटवू नका.

देवास आलं. उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी कितीची, ते स्टँडवर विचारून ठेवा.